बिनकर्जाचा माणूस

अंथरूण पाहून पाय पसरावेत, या एका नियमावर आमच्या मामांनी सत्तरी गाठली. घर रोखीने, मुलींची लग्नं रोखीने, कुणाचं पाच पैशांचं देणं नाही. मग नातवाच्या हट्टाखातर ते हप्त्यांवर फ्रिज घ्यायला गेले. दुकानातल्या मुलाने पॅन नंबर घातला, पडद्याकडे पाहिलं आणि हळहळून म्हणाला, “काका, तुमची हिस्ट्रीच नाही!”

मामा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. वर गुण उणे एक. नापासालाही त्यांनी कधी उणे गुण दिले नव्हते. फ्रिज अखेर रोखीनेच आला.

ही हिस्ट्री लिहून ठेवणारी सिबिल ही कंपनी मुंबईत 2000 साली सुरू झाली. आता एक्सपीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क धरून अशा चार कंपन्या आहेत. बँका आणि फायनान्सवाले आपल्या हप्त्यांची खबर त्यांना देतात आणि नवं गिऱ्हाईक आलं की त्यांनाच विचारतात. गुण 300 ते 900. वाण्याची उधारीची वही निदान त्याच्याच गल्ल्यापाशी असायची. ही सगळ्या दुकानांत एकदम उघडते.

गंमत अशी की, या वहीत तुमचा पगार धरत नाहीत, ठेवीही नाहीत. तिला आवडतो सराईत कर्जदार: घेणारा, वेळेवर फेडणारा, पुन्हा घेणारा. पण आठवड्यात चार ठिकाणी अर्ज टाकलेत, की गडी अडचणीत दिसतोय म्हणून गुण घसरतात. भिडेखातर कुणाला जामीन राहिलात, तर ते कर्ज तुमच्याही नावापुढे दिसतं. हप्ते त्याने बुडवायचे, डाग तुम्हाला!

2025 मध्ये मूर्तिजापूरची बातमी आली होती: मुलाचे सिबिलचे गुण पाहून मुलीकडच्यांनी ठरत आलेलं लग्न मोडलं. पत्रिकेतल्या मंगळाची शांत तरी करता येते.

पैसे देणाऱ्याने चौकशी करावी, यात गैर काही नाही. पण कधीच उधारी न केलेल्याला संशयितांच्या रांगेत बसवणं मला पटत नाही. रिझर्व्ह बँकेलाही ते पटलेलं दिसत नाही. केवळ इतिहास नाही म्हणून पहिलंच कर्ज नाकारू नका, असं तिने बँकांना बजावलं आहे.

तेव्हा मंडळी, आपला अहवाल एकदा मागवाच. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. चूक दिसली तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी.