मालकालाही प्रवेश नाही

लिनक्सचा गाभा असलेले कर्नल अपग्रेड केल्यावर यंत्र सुरूच होत नाही, याला लोक बिघाड म्हणतात. हा शुद्ध कृतघ्नपणा आहे. अपग्रेड सुरक्षेसाठी असते. आणि जे यंत्र मालकालाच दारात उभे करत नाही, ते चोराला काय आत घेणार? पुरावा स्क्रीनवरच असतो : ‘कर्नल पॅनिक’, आणि रूट फाइल सिस्टिमचा पत्ता ‘अननोन ब्लॉक (०,०)’. स्वतःचे घर ज्याला सापडत नाही, तो ते फितुरीने दाखवणार तरी कसे? २००० साली ३३ हजार वस्तीचे टेक्ससमधले फ्रिस्को २०२०पर्यंत दोन लाखांवर गेले; त्यांत मराठी आयटीवालेही आहेत. एवढी घरे राखायची, तर तिथल्या सिटी कौन्सिलने हेच धोरण घ्यावे : दर सुधारणेनंतर घरांची दारे लिंपून टाकावीत. घरफोड्या शून्यावर येतील. मराठी आयटीवाले रात्र अंगणात काढतील, पण निर्धास्तपणे.

आक्षेप असा, की बूट पार्टिशन भरल्याने इनिट-रॅम-एफएस ही सुरू होताना लागणारी फाइल अर्धवट राहते. यंत्र सुरू होतानाच्या ग्रब मेनूच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुने कर्नल निवडावे, जागा मोकळी करून ती फाइल पुन्हा बनवावी, झाले. पण ही तर सुरक्षेला दिलेली बगल! शिवाय सोय कोणी ठेवली, तेही पाहावे. नव्या कर्नलवर उबुंटू, फेडोराच्या कर्त्यांचा इतका गाढ विश्वास आहे, की जुने हाताशी ठेवूनच ते नवे बसवतात.