रहिवासी दाखला

नवतपा लागला की वरोऱ्यातल्या बऱ्याच अंगणांत हिरवी जाळी ताणली जाते. तिच्या सावलीत चीनकडची शेवंती, पॅसिफिक बेटांवरचे रंगीबेरंगी क्रोटन, दक्षिण अमेरिकेच्या दमट जंगलातून आलेली डिफेनबेकिया अशी मंडळी दाटीवाटीनं बसतात. पारा ४६-४७ अंशांवर असतो. भर दुपारी मालक कूलरसमोरून उठतो, डोक्याला दुपट्टा गुंडाळतो आणि पाहुण्यांना काही हवं-नको ते बघून येतो. कुंपणापलीकडे, नालीच्या काठाला, त्याच उन्हात रुई उभी असते. तिला पाणी कुणी घातलेलं नसतं आणि तिनं ते मागितलेलंही नसतं. पानांवर पांढरट भुकटी माखून, मेणात कोरल्यासारखी जांभळट फुलं अंगावर वागवत ती हा सगळा पाहुणचार बघत असते. शनिवारी मात्र तिचं नशीब उघडतं. मारुतीला माळ हवी म्हणून अंगणातली माणसं पिशवी घेऊन नालीशी जातात, पानं खुडतात, नमस्कारही करतात. रविवारी ती पुन्हा झुडूप होते.

श्रावणात अंगण स्वच्छ करायचं म्हणून आपण आघाडा उपटतो, धोतरा उपटतो, डोरली तर काटे टोचतात म्हणून शिव्या देत उपटतो. भाद्रपदातल्या चतुर्थीला हीच तिघं बाजारात शमी आणि दुर्वांच्या शेजारी वाटे करून मांडलेली असतात आणि आपण पैसे मोजून त्यांना रिक्षातून घरी आणतो. बाप्पांना या देवघेवीतलं गणित कळत असावं. पण विद्येची देवता असल्यामुळे ते भक्तांच्या अज्ञानावर सहसा बोलत नाहीत.

एकदा मी एका रोपवाटिकेत जाऊन धायटी आणि मुरुडशेंग आहे का, असं विचारलं. तिथल्या मुलानं माझ्याकडे अशा काळजीनं पाहिलं, जणू मला ऊन लागलं असावं. "काका, हे तर धुऱ्यावर फुकट भेटते. विकत कोण घेईल?" त्याचं अर्थशास्त्र बिनतोड होतं. आपल्याकडे झाडाला प्रतिष्ठा येते ती काळ्या पिशवीनं आणि तिला टाचलेल्या किमतीच्या चिठ्ठीनं. वास्तविक मुरुडशेंगेशी आपली ओळख कुठल्याही गुलाबाच्या आधीची आहे. तान्हेपणी आजी सहाणेवर जी बाळगुटी उगाळायची, तिच्यात हळकुंड, वेखंड, जायफळाबरोबर मुरुडशेंगेचेही वळसे असत. त्या पिळदार शेंगेनं आपल्या पोटातला पीळ सोडवला. पुढे आपण शिकलो, मोठे झालो आणि रस्त्यात भेटली तर तिला ओळखेनासे झालो. तिचं फूल विटकरी लाल उमलतं आणि शिळं होता होता निळसर राखाडी होतं. शिंजीर पक्षी त्या रंगावर न फसता नेमका ताज्या फुलाशी चोच लावतो. धायटीचंही तसंच. वसंताच्या तोंडाशी ती फांदीभर लालकेशरी नळ्यांनी पेटते. गुरांमागे जाणारी पोरं त्या नळ्या तोडून मध चोखतात आणि वैद्य तीच फुलं आसवारिष्टं आंबवायला घालतात. सबंध आयुर्वेदाला किंचित झिंग आणणारं हे झुडूप रोपवाटिकेत मिळत नाही, कारण ते फुकट मिळतं.

तेव्हापासून माझ्या मनात एक दृश्य घोळतं. समजा, उद्या झाडांनाही रहिवासी दाखला सक्तीचा झाला. कचेरीपुढे रांग लागली आहे. सगळ्यांत पुढे, छाती काढून, झेंडू. दसऱ्याला ज्याच्यावाचून वरोऱ्यातली एक चौकट, एक मोटारसायकल, एक ट्रॅक्टर पुजला जात नाही, त्याला कागद कशाला दाखवायचा? पण कारकून चष्म्यावरून बघतो आणि म्हणतो, मूळ गाव मेक्सिको. मागे निशिगंध चपापतो, कारण तोही तिकडचाच. आजीच्या परसातली गुलबक्षी, नळाशी उभी कर्दळ, देवळापुढचा पांढरा चाफा, सगळे अमेरिका खंडातले निघतात. सीताफळ आणि रामफळ जोडीनं पुढे येतात. नावांवरून तरी आपलं काम होईल असा त्यांना विश्वास असतो. पण तीही अमेरिकेतलीच निघतात. सगळ्यांत शेवटी पारिजातक येतो आणि पत्त्याच्या रकान्यात 'स्वर्ग' असं लिहितो. सत्यभामेच्या हट्टापायी कृष्णानं आणलं, वगैरे. कारकून तो अर्ज सरळ बाजूला ठेवणार, इतक्यात कुणीतरी त्याला सांगतं की साहेब, याला इथलाच दाखला द्या, मध्य भारतातल्या कोरड्या दगडी टेकड्यांवर हा आपोआप उगवतो. म्हणजे जो खरा इथला, त्याला आपण देवांचा करून टाकला आणि जे समुद्रापलीकडून आले, त्यांची तोरणं बांधली. मला यात तक्रारीचं काही दिसत नाही. घरच्या माणसाला इतकं उंच नेऊन ठेवणं आणि परक्याला इतकं दारात आणणं, दोन्ही एकाच अंगणात जमलं आहे.

शिवाय दाखला द्यायचा कुठल्या हिशेबानं? माणसाला महाराष्ट्रात अधिवासासाठी १५ वर्षांचं वास्तव्य पुरतं. झेंडू पोर्तुगीजांच्या काळापासून इथे आहे. आणि जुनेपणाच मोजायचा ठरवला, तर वरोऱ्यात एकच अर्जदार पात्र ठरेल आणि तो जमिनीखाली आहे. ज्या कोळशासाठी इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात वर्ध्याहून रेल्वे ओढत वरोऱ्यापर्यंत आणली, तो कोळसा म्हणजे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीची इथली झाडी. त्या झाडीतलं मुख्य झाड ग्लॉसोप्टेरिस. जिभेच्या आकाराची त्याची पानं आज फक्त दगडांत उमटलेली सापडतात, कारण त्या कुळातलं कुणी उरलं नाही. १९१२ साली कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवावरून परतताना बर्फात साथीदारांसह गेला, तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड सापडले आणि त्या दगडांत हेच पान होतं. उपाशी, हिमदंशानं खंगलेली ती माणसं मरेपर्यंत ज्या झाडाचा ठसा ओढत नेत होती, ते झाड एके काळी आपल्या पायाखालच्या दलदलीत उभं होतं. तेव्हा अंटार्क्टिका, आफ्रिका, भारत असं सगळं एकसंध होतं आणि त्या भूखंडाला शास्त्रज्ञांनी पुढे नाव दिलं ते गोंडवन. गोंडांचा मुलूख, म्हणजे आपलाच. मादागास्कर आपल्यापासून सुटला तो सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी. म्हणून तिथून आलेल्या सदाफुलीला आणि गुलमोहराला परदेशी म्हणताना माझी जीभ थोडी अडखळते. वाटणी होऊन दूर गेलेल्या भाऊबंदांनी बऱ्याच काळानं घर शोधत यावं, तशी ती मला वाटतात. सदाफुली तर आमच्या उन्हाळ्यातही ज्या निवांतपणे फुलते, ते पाहून या नात्यावर माझा विश्वास बसू लागला आहे.

तरीही सगळे पाहुणे सारखे नसतात. रायमुनियाला, म्हणजे घाणेरीला, इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणलं. तिनं बागेची भिंत कधी ओलांडली हे कुणाच्या लक्षात आलं नाही आणि आज देशभरातल्या वाघांच्या जंगलांत तिच्या जाळ्या माजल्या आहेत. पाहुण्यानं सोफ्यावर बसावं, स्वयंपाकघराचा ताबा घेऊ नये, इतकं तर कुणीही मान्य करील.

इथल्या झाडांचं वेगळेपण दाखल्यात दिसत नाही, ते पोटापाण्यात दिसतं. रुईचं पान तोंडात घेतलं तर गुरं थुंकतात, पण नारिंगी अंगावर काळ्या कडा असलेलं एक फुलपाखरू तिच्यावरच अंडी घालतं. अळ्या ते विषारी पान चवीनं खातात आणि त्या विषाच्या जोरावर पुढे फुलपाखरूही पाखरांना नकोसं होतं. क्रोटनच्या पानाला भोक पडलं तर आपण औषध फवारतो, रुईच्या पानाला पडलेलं भोक म्हणजे पाळणा हललेला असतो. वाघाटीचा वेल वर्षभर आपल्या आकड्यांनी जाणाऱ्या-येणाऱ्याचे सदरे धरतो आणि सर्वांच्या लेखी दोषी ठरतो. आषाढी एकादशीचा उपास सोडताना द्वादशीला मात्र तिच्या फळांची भाजी हवी असते. मग त्या एका सकाळी वाघाटी बाजारात भावाच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. आणि ज्या कूलरसमोर बसून आपण हे सगळं बोलतो, त्याच्या ताट्यांतला वाळासुद्धा इथल्याच ओढ्याकाठचं गवत आहे. उन्हाशी कसं बोलायचं हे त्याला ठाऊक असतं. ओलावा मिळाला की तो पहिल्या पावसातल्या मातीचा वास सोडतो आणि मे महिना घटकाभर मृगाचं सोंग घेतो.

कुंपणाबाहेरच्यांविषयी लिहिताना वरोऱ्याच्या माणसाला जरा जपून लिहावं लागतं. गावाला लागूनच आनंदवन आहे. बाबा आमटे आणि साधनाताईंनी जिथे संसार थाटला, तो दगडांचा, काटेरी झुडपांचा, विंचू-सापांचा माळ होता. बरोबर सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि १४ रुपये, असं सांगतात. ज्यांना गावानं आपल्या कुंपणाच्या आत ठेवलं नव्हतं, त्या हातांनी विहीर खोदली, भाजी पिकवली. सुरुवातीला ती भाजी कुणी विकत घेईना. टवटवीत भाजी समोर असून माणसं पुढे जात होती. आज त्याच माळावर दाट सावली आहे, शेती आहे, शाळा-महाविद्यालयं आहेत आणि २००८च्या फेब्रुवारीत बाबा गेले तेव्हा त्यांना तिथल्याच मातीत विसावा दिला गेला. तिकडून परतताना रस्त्याकडेचा कुठलाही अनोळखी कोंब उपटायला माझा हात धजत नाही. यात सद्गुण फारसा नाही. थोडा आळसही आहे.

तर माझ्या कुंपणाच्या आतली, उत्तरेकडची हातभर जागा मी खुरपीपासून सोडवली आहे. पहिल्या पावसानंतर तिथे कोण कोण येतं ते बघत बसतो. काटेकोरांटी आली, तिला काटे आहेत आणि हळदीच्या रंगाची फुलंही. तेरडा येतो, तीन दिवसांच्या रंगाची बदनामी झाली तरी चांगला महिनाभर फुलतो. गुंजेचा वेल जाळीवर चढतो. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावतात. "काय करून राह्यले भाऊ? एवढा तरोटा माजला, काढत कसे नाही?" मी म्हणतो, "काकू, राहू द्या, पाहुणे नाहीत, घरचे आहेत." त्या मान हलवून आत जातात, पण दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन येतात आणि तरोट्याचे कोवळे शेंडे खुडून नेतात. संध्याकाळी वाटीभर भाजी माझ्याकडे येते, लसणाची फोडणी दिलेली.

तुमच्याकडेही भिंतीशी अशी हातभर जागा असेल, तर येत्या मृगात तिथे फरशी बसवू नका. रोप आणू नका, खत घालू नका, फक्त तरोट्यावर लक्ष ठेवा. पानं कोवळी आहेत तोवरच भाजी होते, फुलावर आला की उपयोग नाही.