एकट्याने धावणाऱ्याचं कुटुंब

आषाढातल्या शनिवारी रात्री नऊलाच ज्याच्या घरातले दिवे मालवले जातात आणि ‘बाबाला उद्या सोलो करायचंय’ म्हणून पोरांना दटावून झोपवलं जातं, तो अल्ट्रावाला. वय पंचेचाळिशीच्या आसपास, घर कोथरूडला नाहीतर बाणेरला, नोकरी बसून करायची. पाच वर्षांपूर्वी कोपऱ्यावरून दूध आणायलाही हा स्कूटर काढायचा. मग एक हाफ मॅरेथॉन झाली, साताऱ्याला यवतेश्वरचा घाट पळून झाला, आणि आता ४२.१९५ किलोमीटरला तो ‘नुसती मॅरेथॉन’ म्हणतो. त्याहून जास्त पळलं की अल्ट्रा. चव्वेचाळीस किलोमीटर झाले तरी अल्ट्राच, ही गोष्ट मात्र कुणी विचारल्याशिवाय तो सांगत नाही.

यंदाचा बेत असा: चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशीचं धरण आणि पुढे ताम्हिणीच्या दिशेने, घड्याळात पन्नास किलोमीटर भरेपर्यंत. एकट्याने आणि भर पावसात. हवामान खात्याने ऑरेंज अलर्ट दिला की लोक भज्यांचं पीठ भिजवतात, हा बूट बाहेर काढतो. रेड अलर्ट आला तरी त्याची तयारी असते, पण तो निर्णय बायकोच्या अखत्यारीत येतो.

पहाटे साडेतीनला हा ‘एकटा’ निघतो तेव्हा घरातली चार माणसं जागी असतात. आई उकडलेल्या बटाट्यांना मीठ लावून डबा भरते. बायको व्हॅसलीन शोधते (ते कुठे कुठे लावायचं हे तो ग्रुपवर तपशीलवार लिहितो, इथे नको). मुलगी पॉवर बँक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधते. मेहुण्याचा पळण्याशी संबंध बहिणीच्या लग्नातून आलेला. तो डोळे चोळत गाडीत मोजे, टॉवेल, इलेक्ट्रॉल आणि चिक्की रचतो. गाडी पुढे जाऊन दर सात किलोमीटरला थांबणार. सोलो म्हणजे इतकंच की पळणारा एक.

बटाट्यांना चिमूटभर मीठ जास्त पडतं, आणि त्यावरून तो कुरकुरतो. वास्तविक पावसात घाम जाणवत नसला तरी मीठ अंगातून जातंच, आणि नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरून चक्कर, उलट्या, प्रसंगी फिट येण्यापर्यंत पाळी येते. हे त्याने तीन पुस्तकांत वाचलंय. आईने एकही वाचलेलं नाही.

पौडच्या पुढे भातलावणी चाललेली. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन बायका गुडघाभर चिखलात सकाळपासून वाकलेल्या. रस्त्याने एक चड्डीतला माणूस ओलाचिंब पळतोय आणि त्याच्या पुढेमागे एक धडधाकट गाडी रेंगाळतेय, हे पाहून बांधावरचे एक आजोबा काळजीने विचारतात, “गाडी बंद पडली का सायेब? ढकलू का?”

अल्ट्रावाल्याचं दैवत जॅस्मिन पॅरिस. इंग्लंडमधल्या पेनाइन वेवर ऐन जानेवारीत ४३० किलोमीटरची स्पाइन रेस होते. दिवस तोकडा, वारा बोचरा, पायाखाली चिखल नाहीतर बर्फ. २०१९ मध्ये ती शर्यत या बाईने पुरुषांसकट सगळ्यांना मागे टाकून ८३ तास १२ मिनिटांत जिंकली. घरी चौदा महिन्यांची मुलगी होती, म्हणून वाटेतल्या थांब्यांवर ती पंपाने दूध काढत होती. ही गोष्ट तो डोळ्यांत पाणी आणून सांगतो. बायको एकदाच म्हणाली, “तिने पळता पळता बाळाचंही पाहिलं. तुला तुझे मोजे सापडत नाहीत.”

पण गाडीत बसण्याचा हट्ट बायकोचाच. तिच्याही लक्षात एक बातमी आहे. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा, पाऊस आणि वारा सुटला. बऱ्याच जणांच्या अंगावर चड्डी आणि पातळ टीशर्ट. एकवीस धावपटू गेले. सहा जण वाचले, कारण एका मेंढपाळाने त्यांना आपल्या गुहेत नेऊन शेकोटीशी बसवलं. त्यामुळे नवऱ्याचे ओठ निळे पडले किंवा जीभ अडखळू लागली की पन्नास असो की पस्तीस, त्याला गाडीत कोंबायचं, असं तिने मेहुण्याला बजावून ठेवलंय. या कटाची अल्ट्रावाल्याला कल्पना नाही.

पन्नासावा किलोमीटर काही सुखाने सरत नाही. मेहुणा ‘झालं!’ म्हणून डिकी उघडतो तर घड्याळ दाखवतं ४९.७. पाय पांढरे सुरकुतलेले, डाव्या टाचेला फोड, आणि हा गाडीभोवती प्रदक्षिणा घालतोय. विसाव्या फेरीला सासूबाईंचा फोन येतो, मेहुणा सांगतो, “अजून फिरताहेत.”

संध्याकाळी बुटांत रविवारची पुरवणी कोंबून झाली की तो पोस्ट लिहितो: ‘सोलो. अनसपोर्टेड. निसर्ग आणि मी.’ या खेळातल्या रूढ व्याख्येप्रमाणे अनसपोर्टेड म्हणजे ओढ्यानाल्याचं पाणी सोडून सगळं सुरुवातीपासून स्वतःच्या पाठीवर. वाटेत दुकानातून वडापाव विकत घेतला की ते सेल्फ-सपोर्टेड. आणि मदतीला म्हणून ठरवून आलेल्या माणसाने एक बटाटा जरी हातावर ठेवला, तरी सपोर्टेड.

त्याने नऊ बटाटे खाल्ले होते. पोस्टबरोबरचा फोटो मेहुण्याने काढलेला आहे, आणि त्यात उजव्या कोपऱ्यात बायकोच्या फुलाफुलांच्या छत्रीचं टोक दिसतं.