दहावीचा अभ्यास कसा दिसावा

आरंभ वेळापत्रकाने करावा. कार्डशीट, मोठी पट्टी आणि चार रंगांची स्केचपेनं आणून पहाटे साडेचारपासूनचे रकाने आखावेत. गणिताला लाल रंग द्यावा. मन लावून केल्यास यात अख्खा रविवार जातो. साडेचारला जाग आली नाही तर वेळापत्रकच चुकलं असं समजून नवं आखावं. स्केचपेनं तीच चालतात.

मग हायलायटर. महत्त्वाच्या ओळी पिवळ्या कराव्यात असं म्हणतात. पण बालभारतीच्या पुस्तकातली कुठली ओळ बिनमहत्त्वाची, हे ठरवणारे आपण कोण? सबंध पान रंगवावं. अमेरिकेतल्या जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या आणि ओळी रंगवणं व धडा पुन्हा वाचणं या दोन्हींना खालच्या रांगेत बसवलं. त्यांच्या खोलीत दर अर्ध्या तासाने कुणाची आई डोकावत नसावी. पिवळं पान दारातूनही दिसतं.

रोज थोडा थोडा अभ्यास या मंडळींनी वरच्या रांगेत ठेवला आहे. तो करू नये. जानेवारीतच पोराचं बरं चाललंय असं वाटून घरचे पुन्हा टीव्ही लावतात.

त्याहून घातक प्रकार म्हणजे पुस्तक मिटून ‘आत्ता काय वाचलं?’ असं स्वतःला विचारणं. काहीच आठवत नाही आणि चांगला चाललेला अभ्यास उगाच नासतो. धडा चौथ्यांदा वाचताना मात्र सगळं ओळखीचं वाटतं, अंगावर मूठभर मांस चढतं. रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ मध्ये हे विद्यार्थ्यांवर करून पाहिलं. उतारा वाचून पाच मिनिटांत परीक्षा घेतली, तेव्हा तो पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली, तेव्हा मिटून आठवणारे पुढे गेले.

यातला पाच मिनिटांचा भाग तेवढा आपल्या कामाचा. म्हणून परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर, पहिली घंटा होईपर्यंत, ‘अपेक्षित’ उघडून उभं राहावं. ‘मिटा आता ते!’ असं शिपाईमामा ओरडले तरी शेवटची व्याख्या सोडू नये. मग ती तोंडात धरून, कुणाशी एक अक्षर न बोलता जिना चढावा.

गणिताचा पेपर दोन तासांचा असतो. त्यातली पहिली पाच मिनिटं आपली. उरलेल्या एक तास पंचावन्न मिनिटांबाबत पालकांनी मंडळाशी पत्रव्यवहार करावा.