यंत्राचा कारकून

महसूल खात्याच्या दफ्तरात ३४ वर्षे लेखणी झिजवून मी निवृत्त झालो, तेव्हा यापुढे कोणाच्याही तोंडचे शब्द कागदावर उतरवून घ्यावयाचे नाहीत असा जो निश्चय मी केला होता, तो आमच्या सायखेड्यातील एका मोटारदुरुस्तीच्या दुकानात, तेलाने काळवंडलेल्या बाकावर बसून मोडावा लागेल, आणि तोही कोणा मामलेदारासाठी नव्हे तर एका निर्जीव यंत्राच्या सेवेसाठी, असे भविष्य मला कोणी वर्तविले असते, तर मी त्या ज्योतिष्याकडून दक्षिणा परत मागितली असती.

गोदावरीच्या एका काठावर सायखेडा, समोरच्या काठावर चांदोरी आणि मध्ये पूल, अशी आमची एकंदर भूगोलाची इस्टेट. वरच्या धरणांतून पाणी सुटले की हा पूल आधी पाणवेलींनी आणि मागाहून वार्ताहरांनी भरून जातो. २०१९ च्या ऑगस्टात तर नदी पुलाखालूनच वाहते ही आमची पिढीजात समजूत नदीनेच खोटी ठरविली. खाली नांदूरमध्यमेश्वरचा जलाशय आहे, त्यास २०२० मध्ये रामसर स्थळाचा मान मिळाल्यापासून पक्षी पाहावयास येणाऱ्या शहरी मंडळींच्या गुळगुळीत मोटारी, आणि पिंपळगाव बसवंत बाजार समितीच्या सायखेडा उपबाजारात कांदा घेऊन येणारे धुळीने माखलेले पिकअप व ट्रॅक्टर, या दोन्ही वर्णांच्या वाहनांचा एकच दवाखाना म्हणजे आमच्या मिस्त्रींचे दुकान. मिस्त्रींची निदानपद्धती अशी, की लांब डिस्मिसचे टोक चालू इंजिनावर टेकवावे, मूठ कानाशी धरावी, डोळे मिटावेत, आणि काही क्षणांनी “तिसऱ्याचा वाल्व्ह बोलतोय” असा निकाल द्यावा. (स्क्रू-ड्रायव्हरला या धंद्यात डिस्मिस का म्हणतात हे मला उलगडलेले नाही, ज्या शब्दाने नोकरीत असताना घाम फुटत असे, तो येथे “बारक्या, डिस्मिस आण रे” अशा सहजतेने कानी पडतो, यामुळे मात्र पहिले आठ दिवस मला दचकल्यावाचून राहवले नाही.)

अशा या दुकानात नाशिकला शिकणाऱ्या भाच्याने मामाच्या मोबाइलवर एक बोलके यंत्र बसवून दिले. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी जगापुढे आल्यापासून वैद्य, वकील, शेतकरी अशा प्रत्येक पेशासाठी निराळे संभाषणयंत्र काढण्याची जी चढाओढ लागली, तिच्या ओघात गॅरेजवाल्यांच्याही वाट्यास एक आले होते. गाडीची तक्रार सांगावी, यंत्राने कारणे सांगावीत, दुरुस्तीचे अंदाजपत्रक करून द्यावे, गिऱ्हाइकास संदेशही लिहावा, असा त्याचा जाहीरनामा होता आणि पहिला महिना फुकट होता. अडचण एवढीच, की मिस्त्रींच्या ग्रीसमाखल्या बोटाला मोबाइलची काच दाद देत नसे, आणि तोंडाने बोलून पाहावे तर टायरात हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचेच म्हणणे यंत्र टिपून घेई. तेव्हा ज्याचे हात स्वच्छ आहेत, ज्याला काम नाही आणि ज्याला चहा चालतो, असा एकमेव इसम म्हणून माझी नेमणूक झाली.

“भाऊसाहेब, तुम्ही फक्त मी सांगतो ते त्याला लिवून द्यायचं.”

फक्त! पहिल्याच दिवशी एक चालक आला आणि म्हणाला, “पिकअपला पिकअप नाय.” मी ते अक्षरशः नोंदविले. यंत्राने विनयाने कळविले की, आपल्या वाक्यात एकच शब्द दोनदा आलेला दिसतो, कृपया वाक्य तपासून पाहावे. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचा गिअर पडत नव्हता. त्यावर, गिअर पडत नसल्यास चिंतेचे कारण नाही, तो आपल्या जागी सुरक्षित आहे, असा दिलासा मिळाला. तिसऱ्याचे इंजिन बांधावयास काढले होते, तर ते कशाने बांधणार, दोरीने की साखळीने, अशी पृच्छा झाली. मिस्त्रींच्या भाषेत गाडी ऑइल खाते, पाणी पिते, हवा धरते, काळा धूर टाकते, चढाला दम तोडते आणि कधी कधी जागेवर बसते. एवढ्या तपशिलावरून यंत्राने रुग्ण बैल आहे असा समज करून घेतला नाही, हेच मी त्याच्या बुद्धीचे लक्षण मानतो.

उलट दिशेनेही व्यवहार सुखाचा नव्हता. यंत्र मराठी बोलत असे, परंतु ती मराठी कोणाच्या घरची होती ते कळत नसे. स्पार्क प्लगला ते ‘ठिणगी-खुंटी’ म्हणे, हॉर्नला एकदा त्याने ‘शिंग’ म्हटले, आणि “वाहनाचा बूट उघडून पाहा” ही आज्ञा मी मोठ्याने वाचली तेव्हा दुकानातील पोऱ्या बारक्याने आपल्या पायांकडे पाहिले. भाषाशुद्धीचे मला वावडे नाही. शिवछत्रपतींनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, त्या परंपरेचा मला अभिमान आहे. तथापि, ज्या महसूल खात्यात मी आयुष्य काढले, तेथे पंचनामा, जबाब आणि तगादा हे शब्द त्या कोशानंतर तीनशे वर्षांनीही खुशाल नांदत होते, आणि १९६२ साली शासनाने काढलेल्या पदनाम कोशास लोक ‘बदनाम कोश’ म्हणून हिणवीत, हेही मला स्मरते. ठिणगी-खुंटीचे पुढे काय होणार हे सांगावयास यंत्राची गरज नव्हती. तरीही मी एक दुभाषी वही घातली. डाव्या रकान्यात मिस्त्रींचा शब्द, उजव्या रकान्यात यंत्राचा, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना, जो मी सवयीने आखला व सवयीनेच कोरा ठेवला.

मात्र एका बाबतीत यंत्राच्या विद्येने माझे मन जिंकले. आधुनिक गाड्यांत डॅशबोर्डखाली एक खोबण असते. तीत छोटा स्कॅनर खुपसला की गाडी आपला आजार संकेतांकाने सांगते. पिकअपला पिकअप नसलेल्या त्या गृहस्थाच्या गाडीने ‘पी-००८७’ असा आकडा दिला, आणि यंत्राने त्याची फोड करून दाखविली: पी म्हणजे इंजिन व त्याची शक्ती चाकांपर्यंत नेणारे अवयव यांचा महाल, पुढचे शून्य म्हणजे सर्व कंपन्यांस सामायिक असलेला संकेत, त्यापुढील आकड्याने इंधन व हवा यांचे खाते ठरते, आणि अखेरच्या दोन आकड्यांत प्रत्यक्ष गुन्हा, म्हणजे इंधनाचा दाब अपुरा. जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर! ज्याने हयातभर सातबारा हाताळला, त्याला याहून रम्य रचना कोणती वाटणार? डिझेलचा फिल्टर शेवटचा केव्हा बदलला, असे यंत्राने विचारले. चालकास ते आठवेना, यावरूनच उत्तर मिळाले. फिल्टर बदलताच गाडी कांदे घेऊन उपबाजाराकडे वाऱ्यासारखी निघून गेली. “मी सकाळीच म्हनलो व्हतो, फिल्टर बघा,” मिस्त्री म्हणाले, आणि ते खरे होते. परंतु त्यांच्या म्हणण्याला नंबर नव्हता.

यशाने माणूस बिघडतो. मला वाटू लागले की आता आपलेही प्रकरण दाखल करावे. माझ्याकडे १९९४ सालची मारुती ८०० आहे. तीन सिलिंडर, कार्ब्युरेटर, आणि पुनर्नोंदणीच्या शिक्क्यांनी वयोवृद्ध झालेले आरसी पुस्तक. त्या पावसाळ्यात तिने एक खोड धरली होती. निफाडहून परतताना ती निर्धास्त चाले, आणि नेमकी पुलाच्या मध्यावर, मागे कांद्याचे तीन ट्रॅक्टर असताना, कासावीस होऊन बंद पडे; पंधरा-वीस मिनिटे लोकांचे बोलणे ऐकून घेतले की जणू काही झालेच नाही अशी पुन्हा सुरू होई. मिस्त्रींना सांगितले तर, हंगाम असल्यामुळे त्यांचे अर्धे शरीर एका ट्रॅक्टरखाली होते, तेथूनच ते म्हणाले, “तुमच्या त्या यंत्राला इचारा की.”

अर्जदारही मी आणि कारकूनही मीच, अशा अपूर्व स्थितीत मी तक्रार लिहिली. यंत्राने अकरा कारणे दिली. पहिल्या चारांत ऑक्सिजन सेन्सर, इंजेक्टर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ईसीयू यांचा समावेश होता, आणि यांपैकी एकही वस्तू माझ्या गाडीत नव्हती. कन्व्हर्टर तर नव्या मोटारींना १९९५ साली, तोही चार महानगरांपुरता, लागू झाला. प्रत्येक वेळी मी तसे कळविले आणि प्रत्येक वेळी उत्तर आले, “क्षमस्व, आपले म्हणणे अगदी बरोबर आहे.” पाव तासात सात वेळा क्षमा! ३४ वर्षांच्या सेवेत एकाही वरिष्ठाने माझे म्हणणे अगदी बरोबर आहे असे लेखी दिले नव्हते. मी इतका विरघळलो की, त्याने स्कॅनरची खोबण शोधावयास सांगितल्यावर, ती नाही हे ठाऊक असूनही, केवळ त्याचे मन राखण्यासाठी डॅशबोर्डखाली शिरलो. तेथे २००३ सालची विम्याची पावती आणि एक वाळलेले लिंबू मिळाले. दोन्हींची मुदत संपलेली होती.

मग यंत्र खऱ्या चौकशीस लागले. त्रास केव्हा सुरू झाला? किती अंतर गेल्यावर? थांबल्यावर आपोआप चालू होते काय? हे प्रश्न इतके क्रमवार आणि शांत होते की एखाद्या अनुभवी मंडल अधिकाऱ्याचा जबाब घेण्याचा थाट आठवावा. आणि सहावा प्रश्न आला: “अलीकडे आपण स्वतः इंधनटाकी किंवा तिच्या झाकणात काही बदल केला आहे काय?”

आता सत्य सांगावयाचे तर, केला होता. झाकणाचा रबरी वायसर झिजून पावसाचे पाणी टाकीत जाईल या भयाने मी खताच्या रिकाम्या पिशवीचे आतले पॉलिथिन वर्तुळाकार कापून, दुहेरी करून, झाकणाखाली घट्ट बसविले होते, आणि या काटकसरीचे वर्णन सौभाग्यवतींपाशी दोनदा केले होते. परंतु सार्वजनिक जागी, बारक्या खांद्यावरून वाचीत असताना, एका सेवानिवृत्त अव्वल कारकुनाने मोटारीस खताची पिशवी बांधल्याचे कबूल करावे काय? ज्या बोटांनी हजारो लोकांचे जबाब ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’ या शेऱ्यानिशी लिहिले, त्याच बोटांनी मी टंकलिखित केले: “नाही.”

यंत्राने माझ्यावर विश्वास ठेवला. टाकी निर्दोष सुटली, इग्निशन कॉइलवर आरोप ठेवण्यात आला, आणि ४,६०० रुपयांचे सुबक अंदाजपत्रक तयार झाले.

एवढ्यात मिस्त्री ट्रॅक्टरखालून बाहेर आले. त्यांनी ना कॉइल पाहिली ना अंदाजपत्रक. गाडी जागेवर चालू करून ठेवली, चहा मागविला, आणि चहा संपून बराच वेळ झाल्यावर ती आचके देऊन बंद पडताच उठून टाकीचे झाकण फिरविले. कुकरची शिट्टी आत ओढली जावी तसा ‘सूँऽऽ’ असा दीर्घ सुस्कारा निघाला. मिस्त्रींनी दोन बोटांनी पॉलिथिनचे वर्तुळ वर काढले, उजेडात धरले, आणि त्यावरची खताच्या कंपनीची अर्धी अक्षरे वाचली.

“टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत याया पायजे, भाऊसाहेब. तिचं नाक त्या १९ च्या पुरात गाळानं बुजलं. इतकी वर्सं ती तोंडानं दम घेत व्हती. तुम्ही तोंड बांधलं.”

मी मुकाट्याने मोबाइल उचलला आणि यंत्रास सविस्तर कबुलीजबाब दिला. उत्तर तत्काळ आले: “क्षमस्व, हा प्रश्न मी अधिक स्पष्टपणे विचारावयास हवा होता.” ही आठवी क्षमा. तिने मात्र मी विरघळलो नाही. खरे तर बदडून काढले असते तर बरे वाटले असते.

फुकटचा महिना संपला तेव्हा, मिस्त्री आता हे यंत्र टाकणार अशी माझी खात्री होती. त्यांनी मात्र वर्षाचे पैसे भरले. निदानासाठी नव्हे. सगळे गाव नात्याचे, आणि “कांद्याची पट्टी आली की देतो” या वाक्यावर अनेक सालांची उधारी तरंगत असलेली. मिस्त्रींना इंजिनाशी बोलता येते, पण मामेभावाला पैसे मागता येत नाहीत. ते काम यंत्र करू लागले. “आदरणीय ग्राहक, आपल्या विश्वासाबद्दल आम्ही ऋणी आहोत, तथापि…” अशा आरंभाचे तगादे जाऊ लागले आणि, काय आश्चर्य, पैसे येऊ लागले, कारण गावात इतक्या गोड भाषेत कोणी पैसे मागितल्याचे उदाहरण नव्हते व त्यामुळे त्यास उत्तरही तयार नव्हते. पहिले अकरा मसुदे माझ्या नजरेखालून गेले. बारावा बारक्याने परस्पर पाठविला. तो “आदरणीय भाऊसाहेब” अशा शब्दांनी सुरू होत होता, आणि त्यात नवा वायसर, श्वासनळीतील गाळ काढणे व मजुरी मिळून १८० रुपयांची मागणी होती. मी तो तीन वेळा वाचला. शुद्धलेखनाची एकही चूक सापडली नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पैसे भरणे भाग पडले.