अतिरिक्त कार्यभार

सरकारी कचेरीत एखादा कामाचा माणूस सापडला, की त्याच्या टेबलावर आणखी तीन टेबलांचा चार्ज येऊन पडतो. उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात असलेल्या रिहांड धरणाचं तेच झालं. १९५४ साली नेहरूंनी पायाभरणी केली तेव्हा ऑर्डर सुटसुटीत होती: पाणी अडवा, ३०० मेगावॅट वीज करा. जलाशयाचं नाव गोविंद वल्लभ पंत सागर. पाणी थेट मध्य प्रदेशात, सिंगरौलीपर्यंत पसरलं. काठाला कोळसा होता, इथंच बिचाऱ्याचं चुकलं.

पहिला चार्ज पाणक्याचा. काठावर शक्तिनगर, अनपारा, रिहांडनगर, विंध्याचल अशी औष्णिक केंद्रं आली. एकट्या विंध्याचलचीच क्षमता ४,७६० मेगावॅट. जलविद्युतवाला साहेब आता औष्णिकवाल्यांची तहान भागवतो. दुसरा चार्ज सफाईचा. खाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगर पावसात विरघळतात आणि कोळशाच्या काळ्या पाण्याबरोबर बलिया नाल्यातून आत येतात. धरणात गाळ साचतो म्हणून आपण उगाच नदीला नावं ठेवतो.

तिसरा चार्ज राखेचा, तोही तोंडी आदेशावर. ६ ऑक्टोबर २०१९ रोजी विंध्याचलच्या राखतळ्याचा बांध फुटला आणि राखाडी रबडी जलाशयात उतरली. पुढच्या एप्रिलमध्ये जवळच्याच सासन वीज केंद्राच्या राखतळ्याचा बांध फुटला, त्या लोंढ्यात सहा माणसं गेली. मग समिती, पाहणी, नोटीस, दंड. त्यातही जलाशय दोन राज्यांत, त्यामुळे फायलीला हवापालट भरपूर.

खरं कसब मात्र तळाशी चालतं. कोळशात थोडा पारा असतो. तो धुरातून, राखेतून पाण्यात येतो, गाळात बसतो. तिथले जिवाणू त्याचं मिथिल मर्क्युरी करतात, ते माशात मुरतं आणि मासा ताटात येतो. २०१२ साली दिल्लीच्या सीएसई या संस्थेनं सोनभद्रमधल्या लोकांचं रक्त तपासलं, त्यात पारा निघाला. कोणत्याही खात्याची योजना इतक्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचलेली ऐकिवात नाही.

हा शेवटचा माणूस तरी कोण? धरणानं उठवलं म्हणून काठाला येऊन बसलेला. तिथून काहींना खाणीनं उठवलं, काहींना वीज केंद्रानं, काहींना राखतळ्यानं. विस्थापनातसुद्धा बढती असते म्हणायची.

आपण मराठी माणसांनी यावर हळहळण्याचं कारण नाही, असं कुणी म्हणेल. पण विंध्याचलच्या विजेत महाराष्ट्राचा आणि गोव्याचाही वाटा आहे. घरातलं बिल काढून बघा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, सगळं पैशापैशाचं छापलेलं. फक्त पारा आकार दिसणार नाही. तो सोनभद्रवाले परस्पर भरतात.