तिसऱ्या बंगल्यातला दिवा

"कढीपत्ता न्यायला आलीस, का बातमी द्यायला?"

"दोन्हीला, काकू. चार डहाळ्या द्या, मग सांगते."

"आधी सांग. तिसऱ्या बंगल्यात वर्षभर रात्री बारापर्यंत दिवा जळत होता, त्याचंच ना? मला वाटलं, घरात काही बिनसलंय."

"बिनसतंय कसलं! वहिनी पायथॉन शिकत होत्या."

"अगबाई! अजगर?"

"प्रोग्रॅमिंगची भाषा हो. आणि नाव सापावरून नाहीच, एका जुन्या इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून आहे. एका डच माणसाने १९८९ साली नाताळच्या सुट्टीत लिहायला घेतली."

"सुट्टीत दुसरं काही सुचलं नाही मेल्याला? पण हिला तरी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे काय सुचलं? पतसंस्थेतली बावीस वर्षांची नोकरी सोडून?"

"जपानच्या मासाको वाकामिया तर बँकेतून रिटायर झालेल्या. २०१७ मध्ये, ८१व्या वर्षी त्यांनी आयफोनवरचा खेळ लिहिला. त्यांच्याकडे मुलींचा सण असतो, त्यात बाहुल्या पायऱ्यांवर मांडतात. प्रत्येक बाहुली तिच्या ठरलेल्या जागी ठेवायची, एवढाच खेळ."

"म्हणजे गौरीपुढची आरासच की! आजीबाईंनाच सुचणार ते. पोरांना कुठली माहीत असायला कोणाची जागा कुठे."

"तेच तर म्हणतेय. पण वहिनींना सोपं गेलं असं नाही हं. पहिल्या क्लासचे पैसे पाण्यात गेले. शिकवणारा पोरगा आगगाडीसारखा सुटायचा. मग घरीच बसल्या. आधी दुधाच्या बिलाचा प्रोग्रॅम, मग मुदत ठेवीच्या व्याजाचा. नोकरीला अर्ज केले तर वय बघून कोणी उत्तर देईना. शेवटी लागली एकदाची."

"मग लागली कशी?"

"पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करणारी पुण्यातली एक छोटी कंपनी. त्यांच्याकडे प्रोग्रॅम लिहिणारी पोरं होती, पण खतावणी कळणारं कोणी नव्हतं. काम घरूनच. साहेब यांच्या मुलाच्या वयाचा. तो यांना मॅडम म्हणतो, या त्याला सर म्हणतात."

"आणि जमतं का? खरं सांग."

"पहिल्याच महिन्यात व्याजाच्या बेरजेत एका पैशाचा फरक निघाला. पोरं म्हणाली, एक पैसा तर आहे, सोडा. वहिनी सोडतात होय?"

"छे! कॅश जुळेना म्हणून पतसंस्थेत रात्री नऊपर्यंत बसायची ती. नवरा बिचारा बाहेर स्कूटरवर ताटकळत."

"दोन दिवसांनी सापडलं. कॉम्प्युटर मोजतो शून्य आणि एकात. त्याला ०.१ नेमकं मांडताच येत नाही. ०.१ आणि ०.२ मिळवले की त्याचं उत्तर ०.३ येतं, पण शेपटीला लांब कुठेतरी एक ४ लटकतो."

"हे काय भलतंच?"

"दहा रुपये तिघांत वाटा बघू. प्रत्येकाला तीन रुपये तेहतीस पैसे. राहिलेला पैसा?"

"माझ्या डब्यात!"

"कॉम्प्युटरला डबा नाही, म्हणून तो चुपचाप सांडतो. वहिनींनी सगळा हिशोब रुपयांऐवजी पैशांत, पूर्ण आकड्यांत करून घेतला. पैशाखालचं व्याज कुठे आणि कसं पूर्ण करायचं, तेही एकाच जागी लिहिलं. आता प्रोग्रॅममध्ये काही बदललं की जुने हिशोब पुन्हा चालवून बघतात. त्याला टेस्ट म्हणतात."

"टेस्ट कसली, कॅश जुळवणंच ते! म्हणजे बावीस वर्षं केलं तेच करतेय की."

"तेच. फक्त आता वही स्वतः बनवतात. आणि अडलं की सरळ विचारतात, पंचवीस वर्षांच्या पोरालासुद्धा. पोरं लाजतात विचारायला."

"एवढं आहे तर आपल्या भिशीचा हिशोब देऊ या तिच्याकडे. गेल्या महिन्यात चाळीस रुपयांचा मेळ लागतच नव्हता. एखादा प्रोग्रॅम करून देईल."

"विचारलं मी कालच. नको म्हणाल्या."

"बघ! डोक्यात हवा गेली लगेच."

"तसं नाही, काकू. म्हणाल्या, बारा बायकांच्या भिशीला वही पुरते. फक्त पैसे हातात पडले की लगेच लिहा, संध्याकाळी आठवून नको."

"असं म्हणाली? मग खरंच शिकली गं ती. घे तुझा कढीपत्ता."